ओला दुष्काळ आणि कोरडी समीक्षा

‘निसर्ग फार सुंदर टिपला आहे, पण दुष्काळ काही जाणवत नाही.’ टोमास ओ सूलवान यांच्या ‘अरख्त’ (२०१९) या आयरिश भाषेतील चित्रपटाविषयी मराठीच्या एका ज्येष्ठ अभ्यासकाने चर्चेच्या ओघात हा अभिप्राय दिला, तेव्हा खोलीतील बहुतेकांनी माना डोलावल्या. डोलावणाऱ्यांत मीही होतो. पडद्यावर हिरवे डोंगर होते, धुके होते, खडकावर फुटणारा समुद्र होता, पाऊस तर जवळजवळ सतत होता. ज्याला दुष्काळ म्हणून ओळखायला आपण शिकलो आहोत ते काहीच तेथे नव्हते. घरी परतताना मात्र हा अभिप्राय मनात टोचू लागला. तो एका व्यक्तीच्या अभिरुचीचा प्रश्न नव्हता. गेल्या पाऊणशे वर्षांतील मराठी समीक्षेची एक पक्की सवय त्या एका वाक्यात बोलत होती, आणि त्याच सवयीवर माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाची दोन प्रकरणे उभी आहेत. तेव्हा पुढील विवेचनात जे आरोप येतील त्यांच्या आरोपींत प्रस्तुत लेखकाचेही नाव आहे, हे आरंभीच नोंदवतो.

प्रथम चित्रपटाविषयी. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील १८४५चे साल. कोल्मान शार्की हा कोळी, बायकोमुलाबरोबर राहणारा, धर्मगुरूच्या सांगण्यावरून पॅट्सी नावाच्या एका माजी सैनिकाला घरात आसरा देतो. बटाट्याच्या पिकावर करपा पडतो. आधीच तोंडाशी आलेले लोक; त्यात जमीनदार खंड वाढवणार अशी वार्ता. कोल्मान, त्याचा भाऊ आणि पॅट्सी जमीनदाराच्या वाड्यावर जातात आणि वाढ तूर्त थांबवावी अशी विनंती करतात. विनंती फेटाळली जाते, पॅट्सीच्या हातून रक्तपात होतो आणि कोल्मानचा मार्ग कायमचा बदलतो. चित्रपटाच्या उत्तरार्धात तो घरदार गमावून समुद्राकाठी एकाकी लपून जगताना दिसतो; एक टाकून दिलेली आजारी मुलगी त्याला पुन्हा माणसांत आणते. ‘अरख्त’ या शब्दाचा अर्थ राक्षस. राक्षस कोण, हा प्रश्न चित्रपट शेवटपर्यंत हातातून सोडत नाही.

या कथनात आपल्या दृष्टीने निर्णायक प्रसंग जमीनदाराच्या वाड्यावरचा आहे. तेथे पावसाचा, देवाचा, नशिबाचा विषय निघत नाही. खंडाचा निघतो. पीक बुडाले ही रोगाची करणी असेल. पण बटाटा बुडाल्यावर माणसे का मरावीत, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवाणखान्यात आहे. आयर्लंडमध्ये त्या काळी धान्यही पिकत होते, गुरेही होती. धान्य खंडासाठी आणि बाजारासाठी, बटाटा पोटासाठी, अशी ती विभागणी होती. पोटाचे पीक कुजले तेव्हाही खंडाचे पीक बंदरातून बाहेर जात राहिले. ते नेमके किती गेले आणि त्या बदल्यात किती मका आत आला यावर इतिहासकारांचा वाद आहे. गेले याविषयी नाही. १८४१च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१मध्ये ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख मेले, तेवढेच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेले. कधी कुणी विचारतो की, समुद्र जवळ होता तर ते मासे का खात नव्हते? किनाऱ्यावरच्या गरिबांनी होड्या आणि जाळी आधीच गहाण टाकली किंवा विकली होती, हे त्याचे एक उत्तर. पाऊस पडत होता तर उपासमार कशी, हा आपला प्रश्न त्याच जातीचा आहे.

हिरव्या पडद्याविषयीची तक्रार नवीनही नाही. सत्यजित राय यांचा ‘अशनि संकेत’ (१९७३) प्रदर्शित झाला तेव्हा त्यातील रंग, फुले आणि भरलेली शेते पाहून अनेक समीक्षकांनी हाच आक्षेप घेतला होता: दुष्काळाच्या मानाने चित्रपट फार देखणा आहे. १९४३चा बंगाल तसाच हिरवा होता, आणि राय यांच्या रचनेचा सारा आशय त्या विसंगतीत साठवलेला आहे, हे ध्यानी यायला वेळ लागला. पुढे १९८१ साली अमर्त्य सेन यांनी ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात बंगालचे आकडे मांडून दाखवले की, १९४३मधील धान्याची उपलब्धता १९४१पेक्षा कमी नव्हती आणि १९४१ साली तर दुष्काळ पडला नव्हता. धान्य असणे आणि ते मिळवण्याचा हक्क असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अर्थशास्त्राच्या वर्गात हे आता पाठ झाले आहे. साहित्याच्या वर्गात आपण अजूनही आकाशाकडे पाहतो आहोत.

आणि गंमत अशी की, मराठी भाषा याबाबतीत मराठी समीक्षेपेक्षा कितीतरी शहाणी आहे. ‘दुष्काळ’ या शब्दात पाऊस कोठेच नाही. त्याचा शब्दशः अर्थ वाईट काळ एवढाच. पाऊस न पडण्याला आपल्याकडे ‘अवर्षण’ हा वेगळा शब्द आहे. आयरिश भाषेतही त्या वर्षांसाठी दोन नावे रूढ आहेत. एकाचा अर्थ मोठी भूक आणि दुसऱ्याचा वाईट काळ. म्हणजे हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकच समास बांधला. शिवाय मराठी शेतकऱ्याने ‘ओला दुष्काळ’ असा एक प्रयोग घडवला आहे, जो वर्तमानपत्रे दर पावसाळ्यात छापतात आणि समीक्षक ज्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. बटाट्यावरचा करपा थंड, दमट हवेत पसरतो. एकोणिसाव्या शतकातील आयर्लंडचा दुष्काळ अक्षरशः ओला दुष्काळ होता. ज्या अभ्यासकाला तो ‘जाणवला नाही’ त्याच्या स्वतःच्या भाषेत त्यासाठी तयार शब्द होता.

शासनाची गोष्ट आणखी निराळी. १९६३ साली महाराष्ट्राने कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळला आणि त्या जागी टंचाई आणली. नऊ वर्षांनी जे आले त्याला सरकारी कागदांनी टंचाई म्हटले. लोक आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हणतात. शब्द काढून टाकल्याने वस्तू जात नाही, पण ती कोणत्या खात्यात नोंदवायची हे बदलते. पैसेवारी पन्नासच्या खाली आली की टंचाई, वर राहिली की सुबत्ता. मराठी समीक्षेने कोणताही कायदा न करता हाच हिशेब स्वीकारला आहे.

हे कसे घडले? ग्रामीण साहित्याच्या चळवळीने दुष्काळाला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्या प्रतिष्ठेबरोबर एक नकाशाही आला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) हे त्या नकाशाचे केंद्र. माणदेशातील धनगरांची ती वाडी, अखेरीस पाऊस हुलकावणी देतो आणि माणसे मेंढरांसह निघून जातात. कादंबरी थोर आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. माणदेश खरोखरच कोरडा आहे आणि माडगूळकरांनी आपल्या मातीशी इमान राखले. भांडण आहे ते त्या कादंबरीचा साचा करणाऱ्यांशी. अमोल पालेकरांनी १९९५ साली ती पडद्यावर आणली; त्याआधी आणि त्यानंतर भेगाळलेली जमीन, वठलेले झाड आणि कपाळावर हात धरून वर पाहणारा म्हातारा ही दृश्यमालिका इतकी रुळली की तिच्याबाहेरचा दुष्काळ आपल्याला दिसेनासा झाला. दुष्काळ म्हणजे पर्जन्यछायेचा प्रदेश, असे समीकरण बनले. घाटाच्या पूर्वेला दुःख आणि पश्चिमेला निसर्ग! माझ्या प्रबंधात ‘दुष्काळाची जाणीव’ या प्रकरणात सातारा, सांगली, सोलापूर आणि मराठवाडा येतो. कोकण येते ते पुढच्या प्रकरणात, ‘निसर्गचित्रण’ या मथळ्याखाली. मार्गदर्शकांनी हरकत घेतली नाही, परीक्षकांनी घेतली नाही, आणि महाड-पोलादपूरच्या परिसरात पंधरा वर्षे शिकवूनही मला स्वतःला ती सुचली नाही.

या परिसराविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण वादाचे खरे मैदान तेच आहे. सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावरून उतरते, पोलादपूरजवळून वाहत महाडला येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. कातळ आणि तीव्र उतार यांमुळे हे पाणी थांबत नाही. पावसाळ्यात पूर आणि वैशाखात पोलादपूरच्या वाड्यांना टँकर, हे दरवर्षीचे चक्र. नदीकाठच्या सखल पट्ट्यात भात, वर डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. भात पिकवायचे आणि नाचणी खायची, ही येथल्या कुळांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बाहेरचे लोक त्याला आवड समजतात. आता तर नाचणीला आरोग्यदायी धान्य म्हणून शहरात मान मिळाला आहे. ती आवड नव्हती. भाताचा धनी दुसरा होता.

जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या या दक्षिण भागात खोती होती. खोत सरकारात सारा भरी आणि कुळाकडून वसूल करी ते भाताचे अर्धेल, वरकस पिकाचे तिर्धेल. त्यावर वेठ, म्हणजे खोताच्या शेतावर ठरलेल्या दिवशी फुकट राबणे. कार्तिकात खळ्यावरूनच वाटा उचलला जाई. कुळाच्या कणगीत जे उरे ते ज्येष्ठ-आषाढापर्यंत संपे, आणि नेमकी तेव्हाच लावणीची कामे सुरू होत. वर्षातले सर्वांत कष्टाचे महिने तेच सर्वांत रिकाम्या पोटाचे. मग खोताकडून किंवा वाण्याकडून वाढीदिढीने धान्य आणायचे, एक मण आणले तर सुगीला दीड मण घालायचे. म्हणजे पुढच्या सुगीची कणगी आजच अर्धी रिकामी झाली. मधल्या काळात टाकळा, कुर्डू, भारंगी, रानातले करांदे, पातळ पेज. ज्या रानभाज्यांचे आज महोत्सव भरतात त्यांच्या मागे हा हिशेब आहे. मराठी कवितेत श्रावण हा आनंदाचा महिना. बालकवींची कविता आपण सर्वांनी शाळेत घोकली, तिचा गोडवा मी नाकारत नाही. पण सावित्रीच्या खोऱ्यातल्या कुळाने श्रावणावर कविता केली असती तर ती कोणत्या रसात बसली असती, असा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकाने विचारलेला नाही. ऊन आणि पाऊस यांचा खेळ पाहायला पोट भरलेले असावे लागते.

आता आयर्लंडची विभागणी पुन्हा आठवावी: धान्य खंडासाठी, बटाटा पोटासाठी. भात खोतासाठी, नाचणी पोटासाठी. रचना तीच आहे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप संभवतो आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. महाडला आयर्लंडसारखा महामृत्यू कधी झाला? १८७६-७८च्या दुष्काळाने हाहाकार उडवला तो दख्खनात आणि कर्नाटकात. मग ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही काय? मृत्यूच्या आकड्यांत ती टिकणार नाही, हे मान्य. मी दोन दुर्घटनांची तुलना करीत नसून दोन व्यवस्थांची करतो आहे. आयर्लंडमध्ये रोगाने एकाच वेळी सारे पोटाचे पीक नेले म्हणून व्यवस्था उघडी पडली. कोकणात असा एकच घाला आला नाही, शिवाय जवळ मुंबई होती. दासगाव-बाणकोटच्या जलमार्गाने माणसे मुंबईला गेली, गिरण्यांत आणि गोदीत शिरली, पलटणीत भरती झाली. मनिऑर्डरींनी कणगीची भोके बुजवली. जहाजात बसून अमेरिकेला जाणारा आयरिश माणूस दुष्काळाचा बळी ठरतो, त्याच्यावर गाणी आणि ग्रंथ रचले जातात. बोटीत बसून भाऊच्या धक्क्यावर उतरणारा कोकणी माणूस मराठी साहित्यात ‘चाकरमानी’ होतो, म्हणजे बहुतेक वेळा विनोदाचा विषय. गणपतीला गावी येणारा, ऐट मारणारा, ट्रंक घेऊन फिरणारा. तो गावातून का गेला, हे विचारण्याची गरज हसणाऱ्यांना भासली नाही.

साम्राज्याच्या पातळीवर तर हा संबंध नुसत्या साम्याचा नाही, माणसांचाही आहे. आयर्लंडमधील मदतकार्याची सूत्रे लंडनच्या कोषागारातून हलवणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन तरुणपणी हिंदुस्थानात नोकरी करून गेले होते आणि १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर म्हणून परतले. बाजारात ढवळाढवळ नको, फुकट अन्नाने लोक आळशी होतात, हे तत्त्वज्ञान दोन्ही किनाऱ्यांवर एकाच हस्ताक्षरात लिहिले गेले. १८७७ साली रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला पौंडभर धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी जोतीराव फुले धनकवडीला दुष्काळपीडित मुलांच्या अन्नछत्राच्या खटपटीत होते. सहा वर्षांनी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे शोधली ती करांत, कचेऱ्यांत आणि भटशाहीत. मराठीतील दुष्काळचिंतनाचा हा खरा आरंभबिंदू. आपण ‘असूड’ वैचारिक गद्याच्या पेपरात शिकवतो आणि दुष्काळ ग्रामीण कादंबरीच्या. दोहोंची गाठ पडू नये अशीच जणू अभ्यासक्रमाची रचना आहे.

महाडच्या संदर्भात तर हा आंधळेपणा अक्षम्य आहे. टंचाई ही निसर्गाची स्थिती नसून माणसामाणसांतला संबंध आहे, हे ज्या गावाने सबंध देशाला दाखवले ते हे गाव. चवदार तळ्यात पाणी होते. १९२३च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने ते तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठरावही केला होता. तरीही १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद भरवून, मिरवणुकीने जाऊन, ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्यासाठी मार खावा लागला, आणि पुढे उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत १९३७ साल उजाडले. भरलेल्या तळ्याकाठची तहान! हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, समतेची मुहूर्तमेढ रोवायला आपण जात आहोत, या आशयाचे बाबासाहेबांचे विवेचन आपण वारंवार उद्‌धृत करतो आणि योग्यच करतो. पण त्या विवेचनातील समतेवर भर देताना पाणी हे केवळ प्रतीक होऊन बसले. ते पाणीही होते. ज्यांना तळ्यावर बंदी होती त्यांच्या बायका उन्हाळ्यात पाण्यासाठी कोठवर जात असतील, हा प्रश्न प्रतीकमीमांसेत हरवला. आणि ज्या माणसाने तळ्याच्या पाण्यावरची बंदी मोडली त्यानेच दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तळे आणि खळे या एकाच लढ्याच्या दोन जागा होत्या. महाड परिषदेच्या संघटनेत पुढाकार घेणारे याच तालुक्याचे रा. बा. मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले, यात त्यांच्यापुरती काहीच विसंगती नव्हती. मराठी समीक्षेने मात्र तळे दलित साहित्याच्या प्रस्तावनेत ठेवले आणि खळे कोठेच ठेवले नाही.

कोठेच नाही, हे विधान तपासून पाहू. कोकणची भूमी आणि खोती यांवर मराठीत एक प्रचंड कादंबरी आहे: श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७). जगबुडीच्या काठावरील एका खोत घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास. पेंडशांची निर्मितिशक्ती वादातीत. परंतु ती कादंबरी शोकात्म आहे ती खोतांच्या दृष्टीने; वैभव येते, माज येतो, ऱ्हास होतो. कुळे त्या शोकात्मिकेची पार्श्वभूमी. वाड्यात धान्य येते, कोठून येते ते गृहीत असते. आयर्लंडच्या जमीनदारांच्या पडक्या वाड्यांवरही इंग्रजीत हळव्या कादंबऱ्यांची मोठी परंपरा आहे. ‘अरख्त’ने कॅमेरा वाड्याबाहेर, दार ठोठावणाऱ्याच्या पाठीशी आणून ठेवला. आपल्याकडे खोताच्या वाड्यावर हजारो पृष्ठे आहेत आणि त्या दारात उभ्या असलेल्या कुळावर एकही थोर कादंबरी नाही. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३पासून सहा वर्षे खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या, म्हणजे भूक अंगावर घेऊन ती शस्त्र म्हणून वापरली. याहून मोठा कादंबरीविषय कोणता? तो मुख्य प्रवाहाच्या लेखणीला जड गेला.

अपवाद आहे आणि तो अण्णा भाऊ साठे यांचा. ‘फकिरा’ (१९५९) वारणेच्या खोऱ्यात घडते. तेथे भूक आहे आणि त्याच वेळी कुणाच्या तरी कोठारात धान्यही आहे. फकिरा आकाशाकडे पाहत नाही, कोठाराकडे पाहतो आणि ते फोडतो. दुष्काळाचे इतके स्वच्छ आकलन मराठी कादंबरीत दुसरे क्वचितच सापडेल. ‘फकिरा’ची नोंद आपण वीरकथा म्हणून घेतली, रंजकतेबद्दल तिला कमी लेखले, नंतर चळवळीच्या इतिहासात तिचा गौरव केला, दुष्काळावरची कादंबरी म्हणून तिचा अभ्यास ‘बनगरवाडी’च्या शेजारी ठेवून झालेला माझ्या पाहण्यात नाही. अर्थात हाही निवडीचाच भाग. ज्या दुष्काळात कुणी अपराधी नसतो तो दुष्काळ वाचकाला रडवतो आणि निर्धास्तही ठेवतो. तुकोबांच्या चरित्राचे आपण काय केले ते पाहावे: दुष्काळात पत्नी आणि मूल गेले, आणि तेथून वैराग्य. आपल्या वाटणीची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही परंपरेने जपलेली गोष्ट आपण औदार्याच्या सदरात टाकतो. दुष्काळ पाहिलेल्या एका सावकाराने दुष्काळाला दिलेले ते उत्तर होते, असे वाचायला कुणाची हरकत आहे?

टेरी ईगल्टन यांनी १९९५ साली ‘हीथक्लिफ अँड द ग्रेट हंगर’मध्ये आयरिश साहित्याला एक अवघड प्रश्न विचारला होता: ज्या घटनेने देश उलथापालथा केला ती तुमच्या अभिजात वाङ्मयात कोठे आहे? मार्गारेट केलेहर यांनी १९९७च्या ग्रंथात आयरिश आणि बंगाली साहित्य शेजारी ठेवून दाखवले की, दुष्काळ सांगताना लेखणी पुन्हा पुन्हा उपाशी मातेच्या देहाकडे वळते आणि त्या करुण चित्रामागे कारणे दडून जातात. या दोन कसोट्यांवर ‘अरख्त’ बव्हंशी उतरतो. तो मातेऐवजी एका बापाला मध्यभागी आणतो आणि त्याच्या तोंडी करुणा न घालता हिशेब घालतो. पण येथे चित्रपटाची उणीवही सांगितली पाहिजे. उत्तरार्धात पॅट्सी पुन्हा येतो, सारे दुष्टत्व त्या एका देहात गोळा होते आणि खंडाची गोष्ट सूडाच्या गोष्टीकडे झुकते. वाड्यावरच्या प्रसंगात जो राक्षस व्यवस्थेचा होता तो अखेरीस एका माणसाचा चेहरा धारण करतो. हे मराठी प्रेक्षकाला परिचित आहे. आपल्या ग्रामीण चित्रपटांनी मिशाळ पाटील दाखवून हेच केले. मृणाल सेन यांनी ‘अकालेर संधाने’त (१९८०) हा सापळा ओळखला होता. त्रेचाळीसचा दुष्काळ चित्रित करायला गावात आलेल्या चित्रपटवाल्यांमुळेच गावात महागाई होते! तेथे राक्षस शोधायला आरसा लागतो.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण मराठीत ‘अरख्त’ची जी थोडी स्तुती कानावर आली ती सारी भाषेवरून. छोट्या भाषेत केवढा चित्रपट झाला, मराठीने धडा घ्यावा, वगैरे. दुष्काळाने सर्वाधिक मेले आणि गेले ते पश्चिमेचे गरीब, आणि आयरिश बोलणारे तेच होते. त्यामुळे त्या भाषेत हा चित्रपट होणे याला वेगळे वजन आहे. पण या दृष्टान्तात मराठीला आयरिशच्या जागी बसवण्याची घाई करू नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जिला अभिजात दर्जा मिळाला ती कोट्यवधींची राजभाषा आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगरात कातकरी राहतात. कात पाडण्याचा त्यांचा धंदा जंगलकायद्यांनी हिरावला, कोळसाभट्ट्या आणि वीटभट्ट्या त्यांच्या वाट्याला आल्या. शाळेत आलेल्या कातकरी मुलाच्या दृष्टीने प्रमाण मराठी कोणत्या जागी बसते, याचे उत्तर भाषाभिमानाच्या व्याख्यानांत सापडणार नाही. रायगड जिल्ह्यात आयरिशची जागा शोधायचीच असेल तर ती कातकरी बोलीकडे जाते, आणि मग आपली जागा कोणती, हे न बोललेलेच बरे.

त्या चर्चेनंतर काही दिवसांनी हाच चित्रपट मी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना दाखवला. ‘दुष्काळ जाणवतो का?’ असे विचारले. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, आमची आजी सांगते तसंच आहे हे. पाऊस लागला की घरात काही नसायचं.’ पुढे तिने आजीकडून पावसाळ्यातल्या खाण्याचे शब्द गोळा करायला घेतले: कोणती भाजी कोणत्या पंधरवड्यात, कोणता कंद किती वेळा उकळून त्याचा कडूपणा काढायचा, कोणाकडून धान्य आणले आणि सुगीला किती घातले. तिची वही दोनशे नोंदींपर्यंत पोहोचली आहे. लघुप्रबंधाचा विषय म्हणून तो संबंधित समितीपुढे ठेवला, तेव्हा ‘हा लोकसाहित्याचा विषय झाला, ग्रामीण साहित्यात दुष्काळ हवा असेल तर मराठवाडा घ्या’ अशी सूचना झाली. मी लेखी उत्तर दिले आहे. त्यासोबत माझ्या प्रबंधाच्या त्या दोन प्रकरणांची प्रतही जोडली आहे, कारण समितीने आपल्या सूचनेला आधार म्हणून त्यांचाच हवाला दिला होता.